नरम कडेचा ब्रश

आखाजी आठवड्यावर आली की माझ्या हाताला एक खोड लागते. कामाला बसले की पडद्यावरची ब्रशांची यादी उघडायची आणि उगाच खालीवर करत राहायची. दोनशेच्या वर ब्रश आहेत आता. त्यातले निम्मे मी स्वतः बनवलेले. एक नुसत्या कपाळासाठी, एक पदराच्या चुण्यांसाठी, एक कोरड्या रंगाचा खरखरीत. यादीच्या तळाशी एक आहे, त्याचं नाव ‘आबा’. तो मी वापरत नाही आणि काढूनही टाकत नाही. आजवर पाच-सहा संगणक बदलले, पण दर वेळी आधी तो ब्रश नव्या यंत्रात नेला आणि मग बाकीचं सामान.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतर ठिकाणी त्या दिवशी लोक सोनं घेतात. आमच्या खानदेशात पितर जेवायला येतात. पाण्याची घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, नाहीतर आंबा ठेवायचा, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी करायची. ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलेलं असेल, तिथे त्याच्या नावाची पहिली घागर. त्या घागरीमागे फोटो लागतो. म्हणून जळगावातल्या ज्या स्टुडिओत मी नोकरी करायचे, तिथला खरा हंगाम लग्नसराईचा नव्हता, आखाजीचा होता. बाहेर डांबर वितळतंय आणि आत बाकावर ओळीनं माणसं बसलीत, प्रत्येकाच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेलं कुणीतरी. माठातलं पाणी दुपारपर्यंत संपायचं. मोठ्यानं कुणी बोलायचं नाही.

मला हे काम शिकवलं आबांनी. आबा मूळचे धुळ्याचे, स्टुडिओत रिटचिंग करायचे. जुने फोटो मोठे करायचे म्हटले की त्यांच्यावरचे ओरखडे, बुरशी, चुरगळलेल्या घड्या, सगळंच मोठं होतं. ते शाईनं बुजवायचं, गालावरचा उजेड सावलीत हलकेच मिसळायचा, हे त्यांचं काम. बाजारातून आणलेला ब्रश त्यांनी तसाच वापरलेला मी कधी पाहिला नाही. “दुकानातला ब्रश म्हणजे नुसता झुबका,” ते म्हणायचे. “त्याले शिकाडनं पडस.” मग चिमट्यानं एकेक केस उपटायचा. उरलेल्यांची टोकं पेटत्या उदबत्तीला टेकवायची, अगदी निसटती, की जळकट वास यायचा आणि टोक मऊ व्हायचं. गालासाठीच्या ब्रशात मधले केस लांब आणि कडेचे आखूड, म्हणजे रंग मधे बसतो आणि कडेला विरतो. एका ब्रशापायी दोन दिवस जायचे. मी बारावी होऊन आलेली, घाईची. मला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय.

पण ब्रशाच्याही आधी त्यांचं एक काम असायचं. गिऱ्हाइकानं फोटो पुढे ठेवला की आबा पाकीट उलटं करायचे, कानावरची पेन्सिल काढायचे आणि विचारायचे, “माणूसनी खूण काय शे?” तीळ, देवीचे वण, पडलेला दात, गोंदण, तिरळा डोळा. बाकावरची माणसं आधी गोंधळायची. मग डोळे मिटून आठवायला लागायची आणि हमखास रडायची. मला ते बघवायचं नाही. कशाला माणसांना छळता, असं मी एकदा आबांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, “फोटोवरला डाग काळा आणि तोंडावरला तीळ बी काळाच. ब्रशले काय समजस?”

आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि ते मुलाकडे धुळ्याला गेले. त्याच वर्षी स्टुडिओत संगणक आला.

त्या संगणकाचे काय लाड होते! मालकांनी प्लायवूडची वेगळी खोली केली. अख्ख्या दुकानात एकच कूलर, तो तिथे. चपला दाराबाहेर काढायच्या. संध्याकाळी पडद्याला, कीबोर्डला, एवढ्याशा माऊसलासुद्धा शिवून घेतलेली झबली घालायची. दसऱ्याला झेंडूची माळ. मालकाच्या घरची माणसं यंत्र बघायला आली की मी पडद्यावर एक लाल वर्तुळ काढून दाखवायचे आणि ती माना डोलवायची. दुकानात ते चालवता येणारी मी एकटी, तेव्हा माझा भाव काय वधारला असेल ते सांगायला नको.

त्या प्रोग्रॅममध्ये ब्रश आयते मिळायचे, पण सगळे गोल गरगरीत, बिनडोक. माझ्यात आबांचा हात मुरलेला होता. मी त्यांच्या ड्रॉवरमधला गालांचा जुना ब्रश काढला, काळ्या शाईत बुडवून टिपला आणि पांढऱ्या कागदावर त्याचा एकच हलका ठसा घेतला. ठसा स्कॅन केला आणि त्याचाच पडद्यावर ब्रश केला. मग त्याच्या मापांशी खेळत बसले: किती रुंद, कडा किती नरम, एका ठशापासून दुसरा किती अंतरावर, रंग किती दाट. पाऊण तासात जमलं. मधे बसायचा आणि कडेला विरायचा, हुबेहूब. सुरकुतलेल्या गालावरून फिरवला की उजेड कुठे संपला आणि सावली कुठे लागली हे माझं मलाच कळेना. मी हरखून गेले. ब्रशाला आबांचं नाव दिलं आणि त्यांना पोस्टकार्ड लिहिलं, तुमचा ब्रश आता झिजणार नाही म्हणून.

आठ दिवसांनी उत्तर आलं. नातवानं लिहिलेलं असावं, कारण अक्षर कोवळं होतं. वाचून आनंद झाला, सर्वांना आशीर्वाद, आणि खाली एकच ओळ: “खूण विचारतेस ना?”

मी हसले. खरं सांगते, हसले. विचारायचं कशाला? चेहरा पडद्यावर परातीएवढा दिसत होता. आबांना भिंगातून दिसायचं नाही ते मला कूलरच्या वाऱ्यात बसून दिसत होतं.

नाना आले ते त्याच उन्हाळ्यात. पाचोऱ्याच्या पुढच्या एका खेड्यातून, सकाळच्या पॅसेंजरनं. पांढरी टोपी, उन्हानं रापलेला चेहरा, डाव्या कानाची पाळी फाटून दोन झालेली. उपरण्यात एक फ्रेम गुंडाळून आणली होती. बायको माघ महिन्यात गेली होती. तिचं नाव त्यांनी घेतलं नाही, “सिंधूनी माय” म्हणाले. सिंधू ही त्यांची एकुलती एक मुलगी, सुरतेला दिलेली, तिचे दिवस भरत आलेले, म्हणून यंदा आखाजीला येणार नव्हती. पहिली घागर ते एकटेच भरणार होते. फोटो एवढाच, कुणी पाहुण्यानं कधीतरी शेतात काढलेला. बैलजोडीशेजारी नवरा-बायको उभे. तिचा चेहरा नखाएवढा.

घराच्या ओलीनं फोटो काचेला चिकटला होता. मी आधी काचेसकट स्कॅन करून ठेवला, नाना गेल्यावर तो काचेपासून सोडवायला घेतला. वाटलं, काच नसेल तर आणखी स्वच्छ येईल. कडेनं सुटत सुटत आला आणि मधे एकदम आवाज झाला. बैल कागदावर राहिले. तिचा चेहरा काचेला चिकटून आला, पापुद्रा पापुद्रा होऊन. मी घाबरले, पण फार नाही. स्कॅन होता ना. काच साबणाच्या पाण्यानं धुतली, घासून लख्ख केली आणि तीच फ्रेमला परत बसवायला ठेवली.

मग दोन दिवस तो चेहरा माझ्यासमोर होता. बुरशीनं गांजलेला, कपाळावर, नाकावर, मानेवर काळे ठिपकेच ठिपके. एकेक करून बुजवले. ‘आबा’ ब्रश घेऊन गाल सारखे केले, डोळ्यांखालचा थकवा उतरवला. हनवटीवरही ठिपके होते. तिथून ब्रश एकदाच फिरवला, डावीकडून उजवीकडे. नितळ हनवटी झाली. मला ती इतकी आवडली की मी खुर्ची मागे सरकवून थोडा वेळ बघत बसले. संगणकातली साठवणीची चकती लहान, जागा कमी, म्हणून जुन्यावरच नवं जतन करायचं अशी दुकानाची रीत. तशीच मूळ स्कॅनवर जतन केली. त्या काळच्या प्रोग्रॅममध्ये एकच पाऊल मागे जाता यायचं. आता शंभर पावलं जाता येतं. माझ्या हाताखालची मुलं काहीही बिनधास्त पुसतात, परत आणतात, पुन्हा पुसतात. त्यांना मी काही बोलत नाही.

आखाजीच्या दोन दिवस आधी नाना फोटो न्यायला आले. फ्रेम घेऊन दारातल्या उजेडात गेले. ती कधी जवळ, कधी लांब धरून बघू लागले. मी आत वाट बघत होते, काय छान झालाय म्हणतील म्हणून.

“हाई सिंधूनी माय नही शे, पोरी.”

मी म्हटलं, “नाना, नीट बघा ना. हे कुंकू, ही नथ.”

“नाक तिन्हंच शे. डोया तिन्हाच शेतस.” त्यांनी बोट काचेवर ठेवलं. “गोंदन कोठे गयं?”

ते बोट हनवटीवर होतं.

मेल्यावर बाईबरोबर दागिना जात नाही, लुगडं जात नाही, गोंदण तेवढं जातं, असं आमच्याकडे मानतात. माझ्या आजीच्या हातावर होतं, आईच्या कपाळावर होतं. हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि ते मी बुरशी समजून पुसलं होतं.

त्यांना आत नेलं. त्यांनी न सांगता चपला बाहेर काढल्या आणि खुर्चीच्या टोकाला बसले. मी एक पाऊल मागे जाऊन पाहिलं, ते कधीच निघून गेलं होतं. सगळ्या फ्लॉप्या घालून पाहिल्या. फाटका कागद काढला, त्यावर बैल होते. काच माझ्याच हातानं धुतलेली. शेवटी म्हटलं, नाना, मी पुन्हा काढून देते. हुबेहूब काढते. किती ठिपके होते?

नाना पडद्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, एक, दोन, तीन, परत पहिल्यापासून. मग अंगठा थांबला.

“चाळीस वरीस संगे रायनू,” ते म्हणाले. “पन मोजात नही कधी.” आणि माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, “तू पुसात ना? मंग तूच सांग. कितला व्हतात?”

जगात तो चेहरा शेवटचा मी पाहिला होता, परातीएवढा मोठा, दोन दिवस. आणि मी मोजले नव्हते.

“सिंधूला विचारू या का? कुणाकडे फोन असेल तर…”

“पोरले काय इचारू? तुनी मायले कितला ठिपका व्हतात, आसं?” ते हसल्यासारखं करून टोपी काढून परत डोक्यावर ठेवू लागले. “काय म्हनी ती?”

“मग तीन काढू? बहुतेक तीनच असतात.”

“अंदाजमा नको.”

कूलर घरघरत होता. मी रडायला लागले. मोठ्यानं नाही, पण ते त्यांना दिसलं. उठून त्यांनी फ्रेम उपरण्यात बांधली, गाठ मारली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“रडू नको, पोरी. गोंदन तिन्हासंगे गयं. आते ते फोटोमा कसं राही?”

असं म्हणून ते निघून गेले. आणि मला बरं वाटलं. हे मला आजही सलतं. त्या माणसानं स्वतःचं दुःख बाजूला सारून मला मोकळं केलं आणि मी खरोखरच मोकळी झाले. दोन दिवसांनी आखाजीला आमच्या गल्लीत कडुनिंबाला झोके बांधले होते, माहेरी आलेल्या पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. मी आमरसाच्या दोन वाट्या खाल्ल्या. पाचोऱ्यापुढच्या कुठल्याशा घरात एक माणूस एकट्यानं घागर भरून नितळ हनवटीच्या बाईसमोर बसला असेल, हे माझ्या मनात आलं. पण ते आमरस खाऊन झाल्यावर.

त्यानंतर मात्र मी प्रत्येकाला खूण विचारली. पाकिटामागे लिहून घेतली. लोक रडले, मी पाणी दिलं. ‘आबा’ ब्रश त्या दिवसापासून उघडला नाही. पुढे आबा गेल्याची बातमी धुळ्याहून आली. त्यांना या प्रकाराचं मी शेवटपर्यंत कळवलं नव्हतं.

तीन वर्षांनी, आखाजीच्याच आधी, कडेवर लहान मुलगी घेऊन एक बाई काउंटरशी आली. नाना होळीच्या सुमारास गेले, असं सांगायला तिनं सुरुवात केली आणि मी ओळखलं की ही सिंधू. तिनं मतदानाच्या ओळखपत्रावरचा नानांचा फोटो पुढे केला. “खूण काय?” मी विचारलं. “डावा कान फाटेल व्हता,” ती म्हणाली. मी लिहून घेतलं. मला ते माहीत होतं, तरी लिहून घेतलं.

मग तिनं पिशवीतून ती फ्रेम काढली. फोटो ह्याच मापाचा हवा होता, दोघांना शेजारी लावायला. काचेवर चुलीच्या धुराचा थर होता. आणि त्या धुराखाली, मी पाहिलं, हनवटीवर काळे ठिपके होते.

मला वाटलं, डोळे फसताहेत. हा माझाच प्रिंट होता, त्यात ठिपके नव्हते. मग उमगलं. ते काचेच्या आत नव्हते, वर होते. काजळाचे. बोटाच्या टोकानं लावलेले. नाना अंदाजानं नको म्हणाले होते आणि घरी जाऊन स्वतः अंदाज करत बसले होते.

“कितली धूळ शे, थांबा,” सिंधू म्हणाली. मी “नको” म्हणेपर्यंत तिनं पदर बोटावर घेतला आणि काच पुसली. डावीकडून उजवीकडे, एकदाच.

ती वाकून बघायला लागली. काच पुन्हा पुसली. मग पदर पाहिला. गोंदण पदराला आलं होतं.

“ताई, मायनं गोंदन?”

मी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, आमरससुद्धा नाही. मग ती सांगू लागली. फोटो घरी भिंतीवर उंच टांगलेला असे, तिला खालून ठिपके दिसत, तिनं कधी शंका घेतली नव्हती. दर आखाजीला नाना सकाळी सगळ्यांच्या आधी उठत, स्टुलावर चढून फोटोशी काही करत. ती समजायची, कुंकू लावताहेत.

“पाच व्हतात,” ती म्हणाली. आठवावं लागलं नाही तिला. “तीन खाले, दोन वर.” लहानपणी आईजवळ निजताना ती त्या ठिपक्यांवरून बोट फिरवायची, पाच झाले की झोप यायची. तिनं कडेवरच्या मुलीच्या हनवटीवर ते बोटानं दाखवले. “नानानी माले एक डाव बी इचारं नही.”

मी खोली उघडली, जतन केलेला तो चेहरा पडद्यावर आणला. यादीतला सगळ्यात बारीक ब्रश घेतला, कडा कडक केली, जरासुद्धा नरम नाही. सिंधू शेजारी उभी राहून सांगत गेली, जरा खाले, आते बरोबर. पाच वेळा बोट दाबलं. नानांनी तीन वर्षं शोधलं ते एका मिनिटात झालं. नवा प्रिंट काढला, त्याच फ्रेममध्ये, त्याच काचेमागे बसवला. तिनं तो छातीशी धरला, पिशवीत ठेवला, दारापर्यंत गेली आणि परत आली.

“ताई,” पदराचा काळा भाग हातात धरून ती म्हणाली, “नानानी कितला काढेल व्हतात? तुम्ही देखात ना?”

पदरावर एकच फराटा होता. मी ठिपके पाहिले होते. या वेळीही मोजले नव्हते.